'आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झालीय, मदत करा' : असा मेसेज आला तर नेमकं काय बघायचं?

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, कधी ना कधी हा मेसेज येऊन गेलेला असतो. ट्रॅकसूट घातलेल्या पोरापोरींचा फोटो, मागं तिरंगा, वर तालुक्याच्या नेत्याचा हसरा चेहरा आणि खाली मजकूर. आपल्या भागातल्या खेळाडूंची अमुक देशातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झालीय, घरची परिस्थिती बेताची आहे, दानशूर व्यक्तींनी मदत करावी. शेवटी क्यूआर कोड. कधी कधी त्यात 'सामाजिक उपक्रम' पण जोडलेला असतो. म्हणजे संघ तिकडं जाऊन सामने खेळणार आणि दोन-चार दिवस स्वयंसेवक म्हणून कामही करणार.

मेसेज पडला की खाली दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी लगेच 'अभिमान आहे' म्हणून तिरंग्याचे इमोजी टाकते. दुसरी पार्टी म्हणते, "सगळी फसवाफसवी आहे. खरंच देशाकडून खेळायला चालले असते तर सरकारनं खर्च केला नसता का?"

दुसऱ्या पार्टीचं बोलणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ते चुकीचं आहे. ज्या माणसानं स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं, तो गडी आपल्याच कराड तालुक्यातला होता आणि तोही लोकांच्या पैशावरच गेला होता.

गोळेश्वर ते हेलसिंकी

खाशाबा जाधवांची स्टोरी आपल्याकडं सगळ्यांना तोंडपाठ असते. पण ती कुस्तीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आज ती जरा हिशेबाच्या वहीसारखी बघू.

१५ जानेवारी १९२६ ला गोळेश्वरमध्ये जन्म. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, नंतर कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा खर्चाला हातभार लावला तो कोल्हापूरच्या महाराजांनी. आयुष्य लाल मातीत गेलेला पैलवान तिथं मॅटवर खेळला आणि सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. तोवर संस्थानं विलीन झालेली. निवडीतच आधी राजकारण झालं, खाशाबांना दाद मागावी लागली, पटियालाच्या महाराजांनी मध्ये पडून पुन्हा कुस्ती लावली आणि ती जिंकून त्यांनी जागा मिळवली. म्हणजे निवड अधिकृत, देश अधिकृत, स्पर्धा तर जगातली सगळ्यात मोठी. तरी तिकिटाचे पैसे नाहीत.

मग गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. त्यांच्याकडं बऱ्याच विनवण्या केल्यावर सरकारकडून चार हजार मिळाले, असं सांगितलं जातं. एका मास्तरांच्या घराची किंमत सरकारी मदतीपेक्षा जास्त निघाली, असं म्हणायला हरकत नाही.

या गोष्टीतला पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या शोहाची इशिई याच्याशी लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली. ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत पैलवान रशीद मम्मादबेयोवसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशिईला सुवर्ण, मम्मादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.

म्हणजे वर्गणीनं पैलवान हेलसिंकीपर्यंत पोचला. पण मॅटच्या कडेला त्याच्या बाजूनं बोलणारा माणूस वर्गणीतून मिळत नाही. तो संघटनेनं द्यायचा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

परत आल्यावर कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्यांचे फड लावले, त्यात स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. तरी गोळेश्वरच्या कुस्ती संकुलाची घोषणा इतकी वर्षं रेंगाळली की २०१७ मध्ये घरच्यांवर पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यायची वेळ आली होती.

आज खर्च कोण करतं?

१९५२ सारखी परिस्थिती आता नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे. आज साधारण रस्ता असा असतो. प्रत्येक खेळाची एक राष्ट्रीय संघटना असते. ती केंद्रीय युवा व क्रीडा मंत्रालयाची मान्यताप्राप्त असावी लागते. ही संघटना वर्षभरात कुठली शिबिरं घ्यायची, कुठल्या परदेशी स्पर्धांना संघ पाठवायचा याचं कॅलेंडर मंत्रालयाला देते. ते मंजूर झालं की विमान, राहणं, जेवण, विमा हा खर्च सरकारी पैशातून होतो. ज्यांच्याकडून ऑलिम्पिक पदकाची अपेक्षा आहे अशा मोजक्या खेळाडूंसाठी 'टॉप्स' ही वेगळी योजना आहे. महाराष्ट्र सरकारचं 'मिशन लक्ष्यवेध' पण निवडक खेळांसाठी आहे.

या रस्त्यानं गेलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत. सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेऊन आला, सुवर्ण एका किलोनं हुकलं. घरचा व्यवसाय पानपट्टी आणि चहाचा. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं. फलटणकडच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला तिरंदाजीत खेळला. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावल्या. यांना तिकडं जायला गावात क्यूआर कोड फिरवावा लागला नाही.

पण हा झाला शेवटचा टप्पा. सरकारचा हात लागतो तोवर पाच-सात वर्षं गेलेली असतात आणि ती वर्षं घरच्यांच्या खिशातून जातात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला अवघ्या सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. फायनलमध्ये मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराला १४९-१४७ नं हरवलं. तिच्या बर्लिनच्या तिकिटाची चिंता घरच्यांना नव्हती. पण त्याआधी तिचे शिक्षक वडील मुलीच्या सरावासाठी कुटुंब घेऊन गावातून साताऱ्यात राहायला आले आणि धनुष्य-बाणासाठी कर्ज काढलं, हे तेव्हा सगळ्या बातम्यांत आलं होतं. परदेशी बनावटीचं धनुष्य म्हणजे लाखांचा मामला.

आणि कॅलेंडरमध्ये नाव नसेल तर? मंत्रालयाच्या मंजुरीत एक शेरा असतो, 'सरकारवर कोणताही खर्चाचा भार न टाकता'. संघाला किंवा काही सदस्यांना जायची परवानगी मिळते, पैसा मिळत नाही. ज्युनिअर गट, कमी प्रसिद्ध खेळ, विद्यापीठांच्या काही स्पर्धा इथं हे घडतं. निवड शंभर टक्के खरी आणि खिसा शंभर टक्के रिकामा, अशी केस त्यामुळं आजही असू शकते.

तेव्हा 'सरकार पैसे देत नाही म्हणजे बोगस' हे सूत्र डोक्यातून काढून टाका.

पण मग 'इंटरनॅशनल' म्हणजे काय?

इथं पहिल्या पार्टीची, म्हणजे इमोजीवाल्यांची गडबड होते. दुसऱ्या देशात जाऊन खेळणं आणि देशाकडून खेळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये १९७५ पासून 'गोथिया कप' नावाची मुलांची फुटबॉल स्पर्धा होते. जगातली सगळ्यात मोठी युवा स्पर्धा म्हणून ती ओळखली जाते. चांगली, नावाजलेली स्पर्धा आहे. पण तिथं क्लब जातात, देश नाही. प्रवेश शुल्क भरलं की कुठल्याही गावचा क्लब नाव नोंदवू शकतो. अशा खुल्या स्पर्धा जगभर आहेत आणि त्यात खेळून पोरांना फायदाच होतो. फक्त तिथून आलेल्या संघाच्या फ्लेक्सवर 'भारतीय संघात निवड' असं छापलं तर ते खोटं आहे.

तिसरा प्रकार सामाजिक कामातून उभ्या राहिलेल्या संघांचा, आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूरचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था झाली आणि या संस्थेमार्फत भारताचे संघ 'होमलेस वर्ल्ड कप'ला जायला लागले. नागराज मंजुळेंचा 'झुंड' बघितला असेल तर संदर्भ लागला असेल. हा संघ म्हणजे फुटबॉल महासंघाचा भारतीय संघ नव्हे आणि कुणी तसा दावाही करत नाही. बेघर आणि वंचित लोकांसाठीची ती स्पर्धा आहे, तिचा हेतू वेगळा, निवडीचे निकष वेगळे. इथं लोकांकडून पैसे गोळा करणं हा लपवायचा भाग नसतो, तो कामाचाच भाग असतो.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर १९३६ ला चला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत गेलं आणि तिथं कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. ते पदकासाठी गेलेच नव्हते. प्रात्यक्षिकाला गेलो हे त्यांनी तसंच सांगितलं, आणि नव्वद वर्षं झाली तरी त्याचं कौतुक होतंय.

उरला स्वयंसेवकाचा विषय. ऑलिम्पिकसारख्या मोठ्या स्पर्धांना स्वयंसेवक लागतात हे खरं आहे, पॅरिस २०२४ ला ४५ हजार होते. पण त्यासाठी आयोजकांच्या वेबसाईटवर स्वतः अर्ज करायचा असतो. पॅरिसला निवड झाली तरी जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा होता. युनिफॉर्म, ड्युटीवरचं जेवण आणि शहरातला प्रवास एवढं आयोजकांनी दिलं. मध्ये एजंट नसतो. कुणी 'स्वयंसेवक म्हणून निवड' करून देतो म्हणून पैसे मागत असेल तर आधी त्यालाच दोन प्रश्न विचारा. निवड केली कुणी? आणि काम कुणासाठी करायचंय? चार दिवसांच्या सामाजिक उपक्रमात दोन तास झाडं लावायची आणि उरलेला वेळ साईटसीइंग असेल, तर ती सहल आहे. सहलीला जायला कुणाची ना नाही, पण तिच्यासाठी गावानं वर्गणी का द्यायची?

पालक एवढे पैसे भरतातच का?

हौस म्हणून भरणारे असतात, पण सगळेच नाहीत. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या तयारीत वर्षं घालवणारी पोरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. तिथं एक 'आंतरराष्ट्रीय' सर्टिफिकेट म्हणजे काय किंमतीची चीज वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

नेमकं हेच ओळखून काही जण दुकान मांडतात. नावात 'नॅशनल', 'फेडरेशन', 'इंडिया' असे शब्द घातले की संघटना तयार. शेजारच्या देशात एखादी निमंत्रित स्पर्धा, मोजकेच संघ, जवळपास सगळ्यांना पदक. पोरगं मेडल घालून एसटी स्टँडवर उतरतं, हलगी वाजते, गुलाल पडतो. दोन-तीन वर्षांनी ते सर्टिफिकेट घेऊन पोरगं पडताळणीला जातं तेव्हा कळतं की ही स्पर्धा ग्राह्यच नाही. कुठल्या पातळीच्या, कुठल्या संघटनेच्या स्पर्धा आरक्षणासाठी धरायच्या हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि क्रीडा विभाग ते सर्टिफिकेट तपासतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजल्यापासून ही तपासणी आणखी कडक झालीय.

यात सगळ्यात वाईट हाल त्या पोराचे होतात. तो खरंच पहाटे उठून पळालेला असतो, खरंच खेळलेला असतो. खोटं फक्त कागदावरचं नाव असतं, पण डाग त्याच्या नावाला लागतो. नियम नाहीत असंही नाही. २०११ च्या क्रीडा संहितेनुसार देशाच्या नावानं संघ पाठवायचा अधिकार मान्यताप्राप्त संघटनेलाच आहे. २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात संघटनांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वादांसाठी स्वतंत्र लवाद ठेवलाय. पण या कायद्याचं तोंड मोठ्या संघटनांकडं आहे. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडपर्यंत तो कसा पोचणार, मला तरी दिसत नाही.

तिकडं काही झालं तर?

पैसे बुडाले तर निदान ते पुन्हा कमावता येतात. त्याहून मोठी जोखीम वेगळी आहे.

संकेत सरगरला बर्मिंगहॅममध्ये वजन उचलतानाच कोपराला जबर दुखापत झाली. तो भारताच्या अधिकृत पथकात होता. सोबत डॉक्टर होते, अधिकारी होते. त्याचे उपचार तिकडंच झाले आणि त्यासाठी सरकार पुढं आलं. पानपट्टीवाल्याच्या पोराला इंग्लंडमधलं ऑपरेशन स्वतःच्या खर्चानं करायला लागलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला पॅसिफिक स्कूल गेम्स झाले. भारतातून शालेय संघ गेले होते. या दौऱ्यासाठी पालकांनी खिशातून पैसे भरल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. तिथं समुद्रकिनाऱ्यावर गेलेल्या फुटबॉलच्या मुली लाटेत ओढल्या गेल्या आणि दिल्लीची एक पंधरा वर्षांची खेळाडू बुडून गेली. मुलींसोबत कोण होतं, जबाबदारी कुणाची, हे प्रश्न नंतर विचारले गेले आणि चौकशी लागली. संघ पाठवणारी शालेय क्रीडा महासंघ ही काही कोपऱ्यातली बोगस संघटना नव्हती. म्हणजे नुसती मान्यता बघून पण भागत नाही.

हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, त्यात एक पदक गेलं असं म्हणू. लहान मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न जिवावर येतो.

पैसे पाठवायच्या आधी

पहिलं काम फुकटचं आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या वेबसाईटवर मान्यताप्राप्त संघटनांची यादी असते, मेसेजमधलं नाव त्यात बघा. नसेल तर लगेच 'फ्रॉड' अशी कमेंट टाकू नका, कारण क्लबची खुली स्पर्धा किंवा सामाजिक संस्थेचा दौरा असू शकतो. पण मग मेसेजमध्ये 'भारतीय संघ' हा शब्द असता कामा नये. शंका आली तर साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात फोन करून सरळ विचारा, ही स्पर्धा नोकरीच्या आरक्षणाला चालते का? पोरगं भरतीचा विचार करत असेल तर हा एकच प्रश्न लाखभर रुपये वाचवतो.

दुसरं, निवड कशी झाली ते विचारा. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी पायरी चढून झाली असेल तर निकाल कुठं ना कुठं छापलेला असतो. 'व्हिडिओ पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सिलेक्शनचं पत्र आलं' असं उत्तर मिळालं तर सावध व्हा.

तिसरं क्यूआर कोड. पैसे नेमके कुणाच्या खात्यात जातायत हे स्कॅन केल्यावर नावासकट दिसतं. खेळाडू, त्याचे पालक किंवा नोंदणीकृत संस्था असेल तर ठीक. मध्येच तिसऱ्याच माणसाचं नाव दिसलं तर थांबा. खर्चाचं अंदाजपत्रक मागा. विमान, व्हिसा, विमा, प्रवेश शुल्क, राहणं असा वेगवेगळा आकडा खरा आयोजक लगेच देतो. नुसता 'प्रत्येकी अमुक लाख' असा गोळाबेरीज आकडा सांगणाऱ्याकडून तो सोडवून घ्या. संघासोबत प्रशिक्षक किती, मुली असतील तर महिला व्यवस्थापक आहे का, विम्यात खेळताना झालेली दुखापत धरलीय का, हेही तिथंच विचारून टाका. पर्यटनाच्या साध्या विम्यात स्पर्धेतली दुखापत बऱ्याचदा धरत नाहीत.

आणि व्हिसाचं आधीच बोलून ठेवा. युरोपातल्या शेंगेन व्हिसाची फी २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. ऊसबिलावर आणि डेअरीच्या पगारावर चालणाऱ्या घराचं बँक स्टेटमेंट बघून व्हिसा अधिकाऱ्याला शंका येऊ शकते, त्यामुळं नकार येणं अगदीच अशक्य नसतं. तेव्हा व्हिसा नाकारला तर भरलेल्या पैशातले किती परत आणि किती दिवसांत, हे आयोजकाकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याला पैसे देऊ नका.